आत कोण होतं, संग्राम

संग्राम, तुझ्या दहाव्याला विक्रमने माईक हातात घेतला.

नीरेच्या घाटावर मंडप टाकला होता. पुढे तुझे वडील, आप्पा, बसले होते, मान खाली, हात गुडघ्यांवर. एवढी वर्षं फौजेत सुभेदारी केलेला माणूस, पण पाठ पार वाकून गेली होती. भाषणांची रांग लागली होती. सोसायटीचे चेअरमन बोलले. तालुक्याहून आलेल्या एकाने तुझं नाव चिठ्ठीवर बघून घेतलं आणि मग तू त्याच्या किती जवळचा होतास ते सांगितलं. त्याच्यानंतर तुझा सख्खा चुलतभाऊ विक्रम उठला. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, आवाजात मुद्दाम आणलेला कंप.

"आमच्या संग्रामनं आमाला एकच गोष्ट शिकवली," तो म्हणाला. "हिंसेनं काय मिळत न्हाई."

लोकांनी माना डोलावल्या. मी उठून उभी राहिले.

"नितीनच्या वडिलांना एसटी स्टँडवर चपलेनं मारलं, तेव्हा हे शिकून झालं नव्हतं का?"

मी ओरडले नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं. माझ्या शेजारी बसलेल्या तुझ्या मावशीने माझा हात धरून खाली ओढला. "आज नको गं बाई. आजचा दिवस न्हाई त्यो." तुझ्या गावात तो दिवस कधी असतो, ते मला कुणी सांगितलेलं नाही. विक्रमने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "असो," म्हणाला आणि तुझ्या शांत स्वभावाबद्दल पुढे बोलत राहिला.

तू आणि शांत. कॉलेजात असताना सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या घरी तू पहिल्यांदा आलास, ते भांडायलाच. आदल्या दिवशी कँटीनमध्ये आपला वाद अर्धवट राहिला होता आणि तुला झोप लागली नव्हती. आईने दार उघडलं तर तू चपला काढायच्या आधीच म्हणालास, "काकू, पौर्णिमा चुकतीय, तिला सांगा." आईला वाटलं परीक्षेचं काहीतरी आहे. तिने भडंग पुढे ठेवलं आणि ऐकत बसली. थोड्या वेळाने तिच्या लक्षात आलं की हे दोघे कॉम्प्युटरवरच्या एका खेळातल्या बाईबद्दल भांडतायत.

त्या बाईचं नाव मोर्ना. त्या खेळातल्या बंदरात जादू घेऊन जन्मलेल्या पोरांना आईपासून तोडून मिठाच्या बुरुजात ठेवायचे. कपाळावर डाग द्यायचे. गावातले आजारी लोक बुरुजाच्या खिडकीशी रांग लावायचे, खिडकीतून हात बाहेर यायचा, ताप उतरवायचा आणि आत जायचा. त्या हाताला रस्त्यावर यायची परवानगी नव्हती. मोर्ना तिथली वैद्य. खेळभर ती आपल्या सोबत असते, आपल्या जखमा भरते, अर्ज करते, विनवण्या करते. शेवटी सणाच्या दिवशी ती पहारेकऱ्यांचं सभागृह जाळून टाकते. आत पहारेकरी असतात, आणि त्यांना वाढायला आलेले आचारी असतात, घोड्यांचे नोकर असतात. मग पडदा थांबतो आणि विचारतो, हिचं काय करायचं? सोडायचं, की पकडून द्यायचं, की मारायचं?

मी दर वेळी सोडलं. तू दर वेळी पकडून दिलंस.

"बुरुज पाडायला पायजे हुता, मान्य," तू म्हणायचास. "पहारेकऱ्याला मारलं, तेपण एकवेळ मान्य. पन आत आचारी हुते गं. त्यांनी काय केलं हुतं?"

"त्यांनी शंभर वर्षं त्या बुरुजाकडे बघत स्वयंपाक केला होता."

"असं बोलू नगंस. ह्या हिशेबानं जगात कुनीच वाचत न्हाई."

"आणि तुझ्या हिशेबाने बुरुजातलं कुणी बाहेर येत नाही."

आपलं भांडण इथपर्यंत येऊन थांबायचं. आई म्हणायची, "तुम्ही दोघे दुसरा खेळ आणा." माझे आजोबा बौद्ध झाले तेव्हा गाव त्यांच्याशी कसं वागलं ते तिला ठाऊक होतं. तुझ्या घरी ऊस होता, फौजेतली दोन पिढ्यांची नोकरी होती. आपण कुठून बोलतोय हे आपल्या दोघांनाही कळत होतं. तू ते कधी झाकलं नाहीस, म्हणून मला तू सहन व्हायचास. एकदा तू म्हणालास, "मी बुरुजाच्या बाहेर जन्मलोय. मला आचारी दिसनार. तू आत जन्मलीस. तुला खिडकी दिसनार. म्हनून दोघांनी खेळायचं."

हे मला पटलं होतं. अजून पटतं.

हर्षदचं मात्र कधीच सहन झालं नाही. तो पुण्यातला, खेळांवर बोलायचा चॅनेल चालवणारा, रविवारी आपल्याला ऑनलाइन गप्पांना बोलवायचा. त्याचं म्हणणं असं, की जादूगार मुळातच धोकादायक, त्यामुळे ते बंदोबस्तात असलेले बरे, भावनिक होण्यात अर्थ नाही. तो "मुळातच" इतक्या सहज म्हणायचा, की मला कानात बोट घालून तो शब्द काढून टाकावासा वाटायचा. ऐकणारे पन्नास जण खाली हसरे चेहरे टाकायचे. तू एकदा त्याला म्हणालास, "हर्षद, तू पहारेकरी न्हाईस. पहारेकऱ्याला निदान पगार मिळतो. तू फुकट वकिली करतोस."

तू गेल्यावर त्याच हर्षदने तुझ्या आवाजाचा एक तुकडा टाकला, खाली मेणबत्तीचं चित्र. "जाळपोळीला माझा कधीच पाठिंबा नसेल," असं तू म्हणतोस आणि तुकडा संपतो. मी त्या दिवशी तिथे होते. त्या वाक्यानंतर तू श्वाससुद्धा घेतला नव्हतास. "पन बुरुज कुनी बांधला ते आधी बोला, मग मोर्नाचं बोलू," असं पुढे होतं. ते कापलं. मी त्याला लिहिलं. त्याने उत्तर दिलं, की श्रद्धांजलीत वाद नको. दोन माणसांना तू गेल्यावर सोयीचा झालास, संग्राम, एक तुझ्या गावातला आणि एक पुण्यातला, आणि दोघांनी तुझं तेच अर्धं वाक्य उचललं.

आता त्या गोष्टीचं लिहिते, जिच्यामुळे शेवटचे काही महिने आपण बोललो नाही. हे माफीपत्र नाही. मी तेव्हा जे म्हणाले ते आजही म्हणेन.

शिक्षण संपवून तू लोणंदच्या एमआयडीसीत लागलास आणि गावात राहायला गेलास. तुझ्या गावच्या बौद्धवस्तीला पाणी चौथ्या दिवशी यायचं, वर गावात रोज. नितीनच्या वडिलांनी ग्रामसभेत उभं राहून एवढंच विचारलं, की हे असं का. दुसऱ्या दिवशी सकाळी विक्रम आणि त्याच्या दोन मित्रांनी त्या म्हाताऱ्या माणसाला एसटी स्टँडवर गाठलं आणि चपलेनं मारलं. कॉलेजला जाणाऱ्या पोरी होत्या, दूध घेऊन निघालेले लोक होते, आणि तू होतास, कामावर निघालेला. तू मध्ये पडलास, तुझा शर्ट फाटला. बाकी सगळे बघत उभे राहिले. पोलीस ठाण्यात नितीन आणि त्याच्या वडिलांना संध्याकाळपर्यंत बाकावर बसवलं आणि सांगितलं, "गावातलं गावात मिटवा." वडील घरी आले आणि जेवले नाहीत. नितीन वायरमनचं काम करायचा, अर्ध्या गावाचे पंप त्याने जोडलेले. तो परत परत ठाण्यात गेला. त्यांनी त्याला नाव विचारायचंही सोडून दिलं.

मग विक्रमच्या मळ्यातलं शेड जळालं.

शेडात वैरण होती, अवजारं होती, आणि आत म्हादू झोपला होता. माण तालुक्यातून आलेला विक्रमचा सालगडी. नितीनला ते माहीत नव्हतं. तुझं घर मळ्याला लागून. तू धावलास, म्हादूला बाहेर काढलंस आणि स्वतःच्या गाडीत घालून साताऱ्याला नेलंस. त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले होते.

तू पोलिसांना दोन जबाब दिलेस. एकात सांगितलंस, की विक्रमने नितीनच्या वडिलांना मारताना मी डोळ्यांनी बघितलं. दुसऱ्यात सांगितलंस, की आग लागली तेव्हा नितीनला मळ्यातून पळताना मी डोळ्यांनी बघितलं. पहिल्या जबाबामुळे भावकीने तुमच्या घराशी बोलणं टाकलं. दुसऱ्यामुळे वस्तीने तुझ्याकडे पाठ फिरवली. नितीन त्याच दिवशी आत गेला आणि अजून आत आहे. विक्रमच्या प्रकरणाचा तपास चालू आहे, असं म्हणतात.

मी तेव्हा सांगलीहून तुला भेटायला आले होते, तुझं सांत्वन करायला नाही. आपण लोणंद स्टेशनच्या बाहेर चहाच्या टपरीवर उभे होतो.

"दोन नावं दिलीस," मी म्हणाले. "ऐकलं एकच जाणार, हे तुला माहीत नव्हतं?"

"माहीत हुतं."

"मग?"

"मग काय, गप बसू? म्हादूचे हात बघितलेस का तू?"

"नितीनच्या बापाचं तोंड बघितलंस का तू? इतकी वर्षं मोर्नाला पकडून देत होतास, शेवटी खरंच दिलंस. तू भला माणूस आहेस, संग्राम, पण पहारेकऱ्यांचा भला माणूस आहेस."

तू चहा तसाच ठेवलास. "म्हादू जर मेला असता," तू म्हणालास, "तर तूसुद्धा त्याला आचाऱ्यातच धरलं असतंस." आणि मोटरसायकलला किक मारून गेलास. मी तुझ्याकडून ऐकलेलं ते शेवटचं वाक्य.

मधल्या काळात तुझ्या स्वादुपिंडाला सूज आली, साताऱ्यात ॲडमिट केलं, आणि काही कळायच्या आत तू गेलास. तुझ्या आईने मला फोन केला. लोक हा पिणाऱ्यांचा आजार समजतात. तू कधी दारूला शिवला नाहीस, माझ्या भावाच्या लग्नात सगळी पोरं मागच्या गल्लीत गेली तेव्हा तू लहान मुलांत बसून सरबत पीत होतास. पण दहाव्याला माझ्या मागे बसलेले दोघे सांगत होते, "प्यायचा म्हनं. एकटं पडलं की मानूस पितोच." ज्यांनी एकटं पाडलं, तेच हे सांगत होते. मला त्यांच्या ताटाशेजारी बसून जेवण घशाखाली उतरणार नव्हतं, म्हणून मी पंगतीला न बसता घाटाच्या पायऱ्यांवर जाऊन बसले.

तिथे आप्पा आले. मला वाटलं, विक्रमला मध्येच बोलले म्हणून रागावतील. ते बाजूला बसले, नदीकडे बघत म्हणाले, "त्यो माझं कवाच ऐकत न्हवता. विक्रमविरुद्ध जबाब देऊ नगंस म्हनून मी त्याला लय समजावलं. न्हाई ऐकलं." मग म्हणाले, "बरं झालं न्हाई ऐकलं." आणि उठून गेले. तू जिवंत असताना हे वाक्य त्यांनी तुला म्हटलं असेल का, याचा मी नंतर बराच विचार केला. नसेल म्हटलं.

मग पायऱ्यांच्या कडेने एक माणूस खाली आला. दोन्ही हात टॉवेलात गुंडाळलेले.

"तुमी सांगलीच्या पौर्णिमाताई न्हवं? संग्रामदादा तुमचं लय नाव काढायचे. म्हनायचे, तिच्याशी भांडलं की डोस्कं साफ हुतं."

मी विचारलं, तुम्ही कोण. त्याने टॉवेल थोडा बाजूला केला. मला मग विचारायची गरज उरली नाही. म्हादू आता म्हसवडला लेकीकडे असतो. तुझं कळलं तेव्हा एसटी बदलत आला होता. आत मंडपात कुणी त्याला बसा म्हटलं नव्हतं.

मी त्याच्या हातांबद्दल विचारलं. बोटं वळतात का, दुखतं का. तो बराच वेळ मोघम बोलत राहिला. मग एकदम म्हणाला, "ताई, मी भाईर आलो असतो. मला धूर आला तवाच जाग आली हुती."

"मग का नाही आलात?"

"कडी भाईरनं हुती."

मला कळलं नाही. त्याने समजावून सांगितलं, जसं शेतातलं एखादं रोजचं काम सांगावं तसं. त्याच्या आधीचा गडी हंगामाच्या मध्येच पळून गेला होता. म्हणून विक्रम याला रोज झोपताना आत घालायचा आणि बाहेरून कडी लावायचा. सकाळी उघडायचा. तू धावत गेलास तेव्हा दाराला कडी होती. ती तू उघडलीस. तापलेल्या लोखंडाने तुझीही बोटं भाजली.

"दादानं पोलिसांना सांगितलं हुतं कडीचं," म्हादू म्हणाला. "त्यांनी लिवलं न्हाई. म्हनले, ते ज्याचं त्यानं सांगायचं. मग दादा मला म्हनले, म्हादू, तू तुज्या तोंडानं सांग. मला न्हाई झालं ताई. दवाखान्याचं विक्रमदादा बघत हुते. पोरगी त्यांच्याच मळ्यात खुरपायला जायची. मी दादाच्या पाया पडलो, कुनाला म्हंजे कुनालाच बोलू नगा म्हनलं. त्यांनी शब्द दिला."

तो शब्द तू पाळलास. मलाही सांगितलं नाहीस. त्या टपरीवर मी तुला पहारेकऱ्यांचा भला माणूस म्हणाले, तेव्हा एका वाक्यात तू माझं तोंड बंद करू शकत होतास, आणि तू चहा ठेवून निघून गेलास.

तुझी अपेक्षा असेल की हे ऐकून मी विरघळेन. तसं झालं नाही. पायऱ्यांवर बसून मला आधी विक्रमची शिसारी आली. माणसाला गुरासारखं कोंडणारा तो हात, आणि त्याच हातात तुझ्या दहाव्याचा माईक. मग त्या पोलिसाची, ज्याने नितीनचं पळणं लिहून घेतलं आणि कडी सोडून दिली. आणि मग, खरं सांगते, थोडा तुझाही राग आला. तू म्हादूला दिलेला शब्द पाळलास, आणि म्हादूच्या भाजण्याचा सगळा दोष घेऊन नितीन त्या शब्दाखाली दबून राहिला. चांगल्या माणसाचं मौनसुद्धा कुणाच्या तरी छातीवर बसलेलं असतं. हे मला तुझ्याशी भांडायचं होतं. तू म्हणाला असतास, म्हादूला विकून नितीनला सोडवू का? मी म्हणाले असते, म्हादूला विचार तरी परत. तू म्हणाला असतास, एकदा पाया पडलेल्या माणसाला परत विचारनं म्हंजे धमकी असती. मला ह्यावर काय बोलायचं ते अजून सुचलेलं नाही.

पण एक सुचलंय. आपण इतकी वर्षं मोर्नाला सोडायचं की नाही यावर भांडलो. त्या खेळाने आपल्याला तेवढंच विचारलं होतं. ज्यांनी ते आचारी आणि ते नोकर त्या सभागृहात ठेवले, त्यांचं काय करायचं, हे त्याने एकदाही विचारलं नाही. त्या आचाऱ्यांना संध्याकाळी घरी जाता येत होतं का, हे तुलाही सुचलं नाही आणि मलाही. तू त्यांना निरपराध म्हणायचास, मी त्यांना सामील म्हणायचे. ते कोंडलेले असू शकतात, हे आपल्या दोघांच्याही डोक्यात आलं नाही. खेळ बनवणाऱ्यांनी प्रश्न असा मांडला की जाळणारी तेवढी दिसावी, आणि आपण शहाणे, परत परत तोच प्रश्न सोडवत बसलो. याचा मला जो वीट आलाय तो सांगून संपणार नाही. मला हे तुझ्या तोंडावर म्हणायचं होतं आणि तुझं "आयला, व्हय की गं" ऐकायचं होतं.

नितीन बरोबर होता, असं मी म्हणत नाही. म्हादूचे हात मी आता बघितलेत. भाकरीचा तुकडा मोडताना तो दोन्ही मनगटांत धरतो. ते बघितल्यावर सोपं काहीच बोलता येत नाही, आणि हे श्रेय तुला देते. पण नितीन चूक होता एवढंच म्हणून जे लोक थांबतात, त्यांच्या पंगतीला मी बसणार नाही.

मी म्हादूला विचारलं. पुन्हा विचारलं, हो. धमकी वाटू नये म्हणून आधी म्हटलं, नाही म्हणालात तरी मी कुणाला सांगणार नाही. तो म्हणाला, "दादा हुते तवर वाटायचं, कुनाला तरी ठाव हाय. आता कुनालाच न्हाई." लेक आता त्या मळ्यात जात नव्हती. आम्ही साताऱ्याला नितीनच्या वकिलांकडे गेलो. म्हादूने सगळं सांगितलं, कुठेही न अडखळता. वकील बाईंनी सहीचं विचारलं. त्याने अंगठा दाबला, कागदावर नुसता काळा डाग उमटला, रेषा कुठेच नाहीत. बाई म्हणाल्या चालेल, साक्षीदाराची सही घेऊ. सही मी केली. ती जागा तुझी होती.

उठताना बाईंनी त्याला विचारलं, नितीनला काही निरोप द्यायचाय का.

म्हादूने टॉवेल परत हातांवर ओढून घेतला. "त्याला म्हनावं, जाळायच्या आदी एक हाक मारायची," तो म्हणाला. "मी आत हुतो."

"आणि विक्रमला?"

"त्येला काय म्हनायचं न्हाई. कडी कुनी लावली तेवढं लिवा."

बाईंनी लिहिलं, आणि त्याला मोठ्याने वाचून दाखवलं. तू ऐकायला हवं होतंस, संग्राम.